पाडसाच्या मेंदूतलं दार

एका जंगलात, मुलांनो, राज्य वाघाचं होतं आणि कारभार समित्यांचा. त्यातल्या एका समितीने मेंदू संशोधन केंद्र काढलं. संचालक होते गेंडेसाहेब. मोजमापाचं काम करायला एक खवले मांजर होती. तिला सगळे खवलेबाई म्हणत.

केंद्राची एक रीत होती. आपल्या मरणाने गेलेल्या प्राण्यांचे मेंदू तिथे यायचे. ते सगळे एकाच खलात कुटायचे आणि कोणतं प्रथिन किती, ते मोजायचं. दोन दिवसांचं पिल्लू आणि म्हातारं सांबर, एकाच खलात. त्यामुळे उत्तर एकच यायचं. अहवालात एकच उत्तर शोभून दिसतं.

खवलेबाईंना ते पटेना. चार वर्षं त्या प्रत्येक मेंदूतला चिमूटभर भाग वेगळ्या करवंटीत ठेवत आल्या. करवंटीवर वय लिहिलेलं.

मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. ती प्रथिनाची असतात. दार उघडलं की ठिणगी जाते. फार वेळ उघडं राहिलं की झटके येतात. दार घडवायची कृती एकच, पण त्यातून घडणी दोन होतात. जन्मल्यापासून वीस दिवस बाळघडण, मग हळूहळू मोठी घडण. पिल्लांच्या करवंट्यांत मोठी घडण नावालाही नव्हती.

एके सकाळी भेकरीण आपलं पाच दिवसांचं पाडस घेऊन आली.

"बाई, पहाटेपासून चार वेळा झालं. पाय ताठ होतात, डोळे वर जातात. तुमच्या केंद्राची झटक्यांवरची मुळी दोन दिवस देतेय."

केंद्राची मुळी मोठ्या घडणीचं दार बंद करायची. या पाडसाकडे ते दारच नव्हतं. बाळघडणीला बसणारी मुळी कपाटात होती, पण किल्ली साहेबांकडे.

खवलेबाई करवंट्या घेऊन साहेबांकडे गेल्या.

"हे कुठे शिकलात, खवलेबाई? वारुळात?" साहेबांनी विचारलं.

"मोजून शिकले, साहेब. पाडसाला दुसरी मुळी द्या."

"आपल्या अहवालात दोन्ही घडणी निम्म्या निम्म्या आहेत. सगळ्या वयांत."

"सगळी वयं एकत्र कुटल्यावर तसंच दिसणार."

कोपऱ्यात बसलेला सल्लागार मोर म्हणाला, "अहो, पाडस म्हणजे लहान आकाराचं भेकरच. मुळी निम्मी करा म्हणजे झालं."

"शिवाय सरासरीला कधी झटके आलेले मी पाहिले नाहीत," साहेब म्हणाले. "पाडस मोठं होईपर्यंत थांबायला सांगा. आमची मुळी मोठ्यांना हमखास लागू पडते."

किल्ली खिशातच राहिली. भेकरीण रोज तीच मुळी उगाळत राहिली. पाडसाला रोज झटके येत राहिले. बाराव्या दिवशी त्याने आईच्या हाकेला कान वळवणं सोडलं. खवलेबाईंनी तेही लिहून ठेवलं.

पाडस एकवीस दिवसांचं झालं आणि मेंदूने आपणहून घडण बदलायला घेतली. नवी दारं आली, झटके थांबले.

केंद्रात सत्कार झाला. गेंडेसाहेबांच्या शिंगाला हार घातला. मुळी जन्मल्या दिवसापासून सर्वांना सक्तीची झाली, आणि पुड्यांवर छापलं गेलं, 'एकवीस दिवसांत गुण.'

भेकरीणही पाया पडायला आली. पाडस शेजारी उभं होतं. तिने त्याला तीनदा हाक मारली. ते समोरच्या झाडाकडे बघत राहिलं.

"झटके मात्र थांबले हं," साहेब म्हणाले.

खवलेबाईंनी करवंट्या उचलल्या आणि केंद्राबाहेर पडल्या. साहेबांनी त्यांच्या जागी दुसरा, मोठा खल मागवला.

तात्पर्य: मुलांनो, आजारी पडायचंच असेल तर आधी मोठे व्हा. लहानपणी आजारी पडून थोरामोठ्यांची सरासरी बिघडवू नये.