बसल्या जागी घाम

कमलेशला व्यायामाचं वावडं होतं, हे अख्ख्या कोपरीला ठाऊक होतं. नाक्यावरून दूध आणायचं तरी हा माणूस रिक्षाला हात करायचा. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने चहातली साखर एक चमचा कमी केली आणि त्या दुःखात दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

शेवटी त्याच्या बायकोचा, रुपालीचा, धीर सुटला. "दिवसभर मढ्यासारखे पडलेले असता! मला एवढ्यात तुमच्या फोटोला हार घालायचा नाही," असं म्हणून ती बॅग भरून कोपर स्टेशनजवळच्या माहेरी निघून गेली. अंग हलवायला लागा, मग येते, एवढीच तिची अट होती.

त्याला सतरा दिवस झाले. घरात उरले कमलेश आणि त्याचे वडील, परशुरामआबा. दोघं सकाळी चहा-पाव खायचे आणि रात्री पाव-चहा. (तेवढाच बदल.) शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की कमलेश खिडकीशी जाऊन वास घ्यायचा. रुपालीशिवाय घर खायला उठत होतं, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी रुपालीलाही नाही. तिला सांगायला हवं होतं खरं, पण ते सुचतंय कुणाला!

अशातच ऑफिसात कुणीतरी म्हणालं, घोडबंदर रोडला हॉट योगा चालू झालाय. खोली एवढी तापवतात, की नुसतं बसलं तरी घामाच्या धारा लागतात. कमलेशने कान टवकारले. म्हणजे मेहनत करायची खोलीने आणि घरी यायची आपली बायको! यापेक्षा सोयीचा व्यायाम देवानेही काढला नसता.

शनिवारी पहाटे पाचला गजर झाला. वरच्या खोलीत आबा दचकून उठले. "कोन मेला र एवढ्या पाटंचा?" म्हणाले आणि कूस बदलून पुन्हा झोपले. कमलेशने घाम पुसायला त्यांचाच पांढरा पंचा घेतला आणि रिक्षात बसला.

शिकवणारी करिश्मा पंचविशीतली, हसतमुख. "सर, पहिल्यांदाच आलाय ना? काही त्रास वाटला तर सरळ शवासनात जा. काहीच करायचं नाही, नुसतं पडायचं."

कमलेशला तिसऱ्या मिनिटाला त्रास वाटला.

पण पडणंही सोपं नव्हतं हो! आजूबाजूच्या बाया एका पायावर उभ्या राहून छताला हात लावायला निघाल्या होत्या आणि हा खाली तव्यावरच्या बोंबलासारखा शिजत होता. डोळ्यांत घाम, कानात घाम. 'रुपा, बघ गं, तुझ्यासाठी काय काय सोसतोय,' असं तो मनात म्हणत राहिला आणि खरंच त्याला रडू आलं. (ते घामात खपून गेलं.)

तास संपला तेव्हा तो भिंत धरत धरत बाहेर पडला. चपला स्टुडिओच्या दारातच राहिल्या, हेसुद्धा त्याला कोपरीच्या गल्लीत उतरल्यावर कळलं. नखशिखांत भिजलेला, अनवाणी, लाल डोळ्यांचा, खांद्यावर पांढरा पंचा, असा तो घराच्या पायरीपाशी आला. पायरी चढवेना. तिथेच उभा राहून खोल आवाजात म्हणाला, "पाणी..."

समोरच्या ओट्यावर हौसाकाकी बसल्या होत्या. अशा अवताराचा माणूस दाराबाहेर उभा राहून पाणी मागतो, तो कुठून आलेला असतो हे कोपरीत शिकवावं लागत नाही. रोज सकाळी ओट्यावर दिसणारे आबा आज दिसले नव्हते. काकींनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! कवा र झाला असा?"

"सकाळी... सहाला..." कमलेश धापा टाकत म्हणाला.

"लय तरास झाला का?"

"खूप, काकी. शेवटी तर नुसतं पडून..."

"आनि आमाला सांगितलास पन नाय! परस्पर सगला उरकून आलास?"

काकी तांब्या घेऊन आल्या. कमलेशने ओंजळ पुढे केली. काकींनी सगळं पाणी त्याच्या पायांवर ओतलं आणि कडुलिंबाचा पाला त्याच्या तोंडात घातला. त्याने तो मुकाट्याने चावला. निरोगी माणसं असंच काहीतरी खात असणार, असं त्याला वाटलं.

मग काकींनी रुपालीच्या माहेरी फोन लावला. अकराच्या आत रुपाली रडत रडत हजर, हातात बॅग. गल्लीतल्या बाया जमल्या. आता घरात चूल पेटायची नाही, म्हणून काकींनी डाळ-भाताचं पातेलं आणलं. कमलेश पंखा लावून पलंगावर आडवा झाला होता. रडारडीने जागा होऊन तो बाहेर येतोय, तोच वरच्या खोलीतून आबा बनियनवर जिना उतरले.

"कोन गेला?" त्यांनी विचारलं.

काकी किंचाळल्या. रुपाली मटकन खाली बसली आणि आबांचे पाय धरून आणखी रडली. सगळा खुलासा व्हायला अर्धा तास लागला. "मी आख्खा जलम मिठागरात घाम गालला," आबा भात कालवत म्हणाले, "पन कोनी मना पाला नाय खावाला दिला."

रुपाली मात्र नवऱ्याकडे बघत होती. "खरंच गेलेलात? माझ्यासाठी?"

"शप्पथ!"

तिने डोळे पुसले आणि बॅग उचलून आत ठेवली. सतरा दिवसांनी कमलेशला नीट श्वास घेता आला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. करिश्मा! 'ऐक, पुरावाच ऐक,' म्हणत त्याने दिमाखात स्पीकर लावला.

"सर, तुमच्या चपला इथे राहिल्यात. आणि एक सांगू? तासभर शवासन सोडलं नाहीत तुम्ही! एवढं छान शवासन मी आजपर्यंत कुणाचं बघितलं नाही. घरी प्रॅक्टिस करता का?"

रुपाली आत गेली आणि तीच बॅग घेऊन बाहेर आली.

"आबा, येताय? तिकडे रोज गरम जेवण मिळेल."

आबांनी हात धुतले, सदरा चढवला, काठी घेतली. त्यांना इतक्या झपाट्याने चालताना कमलेशने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

गल्ली रिकामी झाली. कमलेश पायरीवर बसून राहिला. पोटात त्या पाल्याशिवाय काही नव्हतं. निदान डाळ-भात तरी आहे, म्हणून तो उठला, तर हौसाकाकी पातेलं उचलून निघालेल्या.

"काकी, ते राहू द्या ना..."

"कला राहू देऊ? मेला नाय ना कोनी?" काकी म्हणाल्या. "मंग पेटव चूल."