पंखाबंदीची मोहीम

श्रीविद्युल्लता प्रसन्न, आणि मीटर सदा मंद फिरो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मासी विद्यापीठाच्या राज्यात ऊन असे तापले की कोणी सावली सोडीना. ते समयी कुलगुरू महाराजांनी आस्थापना विभागाचे सरदार भालबा सोनटक्के यांस बोलावून हुकूम केला की, "महिन्याभरात विजेचा खप उतरला पाहिजे, नाहीतर तुमची बदली परीक्षा विभागात." ऐकताच भालबांनी हात जोडून हुकूम माथी घेतला, कारण तेथे गेलेला माणूस सणावारीही घरच्यांस दिसत नसे. मग भालबा कचेरीत येऊन पाहतात तो खुर्च्या रिकाम्या आणि वर पंखे गरगरा फिरताहेत. मग ज्येष्ठ लिपिक कुसुमबाई येळवंडे यांस जाब पुसला, आणि बाई बोलिल्या, "साहेब, पंखा बंद केला की माणूस नाही हे उघडं पडतं. फिरता असला की वाटतं, आत्ताच होते, येतीलच." भालबांस हे तात्काळ पटले, कारण त्यांचाही पंखा याच नेमाने फिरत असे. मग मोठी मसलत करून त्यांनी फर्मान काढले की, ज्याचा पंखा बंद तो कामगिरीवर गेला असे समजावे आणि कोणी काही पुसू नये. मग काय विचारता! दुसरे दिवशी पंखे थांबले, आणि दिवे मालवले, आणि संगणक निजले, आणि भालबा आनंदाने फुलून गेले.

मग महाराजांची स्वारी पाहणीस आली आणि प्रसन्न होऊन पुसती जाहली, "छान. पण माणसं कुठायत?" भालबा बोलिले, "कामगिरीवर, सर." मग महाराज उकाड्याने कासावीस होऊन कॅन्टीनकडे वळले, आणि भालबा मागोमाग धावले. तेथे सारी फौज एकाच पंख्याखाली दाटीने बसलेली, मांडीवर फायली आणि हाती भजी. आता बदली चुकत नाही म्हणून भालबांनी डोळे मिटले, तो कुसुमबाईंनी स्टूल पुढे सरकविले. "बसा सर, वारा इथंच लागतो. आणि भेटलाच आहात तर एवढ्या सह्या करून टाका." मग महाराज बसले, आणि सह्या केल्या, आणि भजीही घेतली. मग भालबांनी जीव मुठीत धरून पुसिले, "सर, आपल्या दालनातला एसी?" महाराज खाली पाहो लागले आणि हळूच बोलिले, "चालू आहे. लोकांना वाटावं, मी आत आहे." मग एक हसला, मग सारे हसले, मग महाराजही हसले, आणि भालबांनी धावत जाऊन तो एसी आपल्या हाते बंद केला.

सारांश, खप उतरला, बदली टळली, आणि महाराजांच्या दालनात अंधार दिसला की प्रजा फायली घेऊन सरळ कॅन्टीनात जाते, कारण आता महाराज हमखास भेटतात. इति.