फरक असला तरच

पोटेकाकांना ‘कसे आहात?’ असं सलग दोन दिवस विचारायची सोय नव्हती. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत त्यांच्या शेजारची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्या सकाळी विचारलं. ‘गुडघा दुखते,’ ते म्हणाले. दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारलं, तर माझ्याकडे बघतच राहिले.

‘काल इचारलं होतं नं तू?’

‘हो.’

‘मंग? आज काही बदललं असतं तं म्याच सांगतलं नसतं?’

मी खेड्यातून आलेला, आमच्या घरात कॉलेजात जाणारा पहिलाच. शहरातली माणसं अशीच बोलत असतील असं धरून चाललो. असं बोलणारे वर्ध्यात ते एकटेच, हे पुढं कळलं.

काका एका तेलगिरणीत टेलेक्स चालवत. एकदा त्यांनी मला ते यंत्र दाखवलं, मोठ्या टाइपरायटरसारखं. तेल, सरकीची ढेप, जवस, तूर यांचे भाव त्यावरून रोज संध्याकाळी मुंबईच्या व्यापाऱ्याला जात. मजकूर आधी कागदाच्या अरुंद फितीवर भोकं पाडून उतरवायचा, मग लाइन लागली की ती फीत यंत्रातून भरभर सोडायची. जितका वेळ लाइन चालू, तितकं बिल. त्यामुळे फीत आखूड करण्याचा काकांना ध्यासच लागला होता.

आधीच्या बाबूची फीत टेबलावरून खाली जमिनीवर लोळायची म्हणे. काकांनी आधी ‘नमस्कार’ काढून टाकला. मग मालाची नावं गेली, त्यांच्या जागी एकेक अक्षर आलं. शेवटी त्यांना खरी युक्ती सुचली. पूर्ण भाव पाठवायचेच नाहीत. कालच्यापेक्षा किती चढला, किती उतरला, तेवढंच पाठवायचं. ज्याचा भाव हलला नाही त्याचं नावही घ्यायचं नाही. फीत बोटभर उरली. ती तळहातावर ठेवून ते मला दाखवत. ‘पाह्य, अख्खा बाजार हाये याच्यात.’

एके दिवशी कशाचाच भाव हलला नाही. काकांनी काहीच पाठवलं नाही. तासाभरात मुंबईहून ट्रंक कॉल आला, गिरणीला आग लागली का म्हणून. शेठजी धावत ऑफिसात आले.

‘पोटेबाबू, भाव क्यों नहीं भेजे?’

‘भेजे नं, शेठजी. कुछ नहीं भेजा, मतलब कल जैसा.’

‘अरे बाबा, कम से कम जिंदा हो, इतना तो बोला करो.’

तेव्हापासून अशा दिवशी काका एकच अक्षर पाठवू लागले. तेही त्यांच्या जिवावर यायचं.

घरीही हीच शिस्त. भाजीवालीनं वांग्याचा भाव सांगितला की अडवायचे, ‘कालचाच हाये, तं कायले सांगून राह्यली?’ तिनं एकदा सुनावलं, ‘पोटेबाबू, वांगे बी कालचेच देऊ काय?’

मलाही त्यांचं पटलं होतं. घरी पाठवायच्या पोस्टकार्डात मी दोनच ओळी लिहिल्या. बाबांना वाचता येत नाही. ते कार्ड घेऊन गुरुजींकडे गेले. पुढच्या खेपेला गावी गेलो, तर म्हणाले, ‘एवढ्याशासाठी मी अर्धा गाव चालत गेलो? पोटभर लिहत जा.’ काकांना हे सांगितलं, तर ते नुसते हसले.

काकांना जवळचं माणूस एकच: गिरडकडच्या एका खेड्यात राहणारी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कानंच त्यांना वाढवलं होतं. काकांनी लग्न केलं नाही. आक्काचा नवरा वारल्यावर ती तिथंच एकटी राहिली. शेजारच्या पोरीकडून ती दर आठवड्याला कार्ड लिहून घ्यायची. मी बरी आहे, गाय बरी आहे, तू वेळेवर जेवत जा. एका भाऊबीजेला काका तिला म्हणाले, ‘आक्का, दर बारीनं तेच ते. कालच्यापेक्षा काही येगळं असलं तरच लिहजो. कार्ड नाई आलं, तं मी समजून घेईन.’ भावाच्या हुशारीचं आक्काला फार कौतुक. तिनं कार्डं बंद केली.

कार्ड येत नव्हतं, म्हणजे आक्का ठीक होती. पुढच्या दिवाळीत गिरणीत काम निघालं, म्हणून काका गेलेही नाहीत. मला अभिमानानं म्हणाले, ‘पाह्य, वर्षभर एक बी कार्ड नाई.’

त्याच्या पुढच्या भाऊबीजेला ते निघाले. माझं गाव त्याच वाटेवर पुढं, म्हणून मीही सोबत होतो. आक्का ओवाळायला बसली. तिनं आधी डाव्या हातानं काकांचा चेहरा चाचपला, मग कुंकू लावलं. तरी ते भुवईवर गेलं.

‘आक्का, तुले दिसत नाई?’

‘दिसते नं. थोडं थोडं.’

‘कधीपासून? कळवलं काऊन नाई?’

‘काय कळवू, म्हादू? रोज कालच्यासारखंच तं दिसे.’

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला वर्ध्याला आणलं; मीही गावी न जाता त्यांच्यासोबत परतलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा हळूहळू नजर खातो, रोजचा फरक माणसाला कळतही नाही. गेलेली नजर परत येणार नाही. वर्षभर आधी आणलं असतं, तर पुष्कळ वाचली असती. काका ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘रोज किती गेली असंल, डॉक्टरसाहेब?’

डॉक्टरांनी उरलेल्या नजरेसाठी थेंब लिहून दिले.

आता आक्का इथंच असते. गिरणीतली फीत अजून बोटभरच आहे. पण सकाळी अंगणातून काकांचा आवाज येत राहतो.

‘आक्का, उजाडलं. हा आपला कडुलिंब. त्याच्याखाली तुयी बाज. पाण्याचा माठ उजव्या हाताले. तारेवर तुयं हिरवं लुगडं वाळून राह्यलं, काठ लाल हाये. शेजारचा पोरगा सायकल पुसून राह्यला.’

‘म्हादू, हे तं तू कालच सांगतलं.’

‘सांगू दे,’ काका म्हणतात, आणि पुन्हा कडुलिंबापासून सुरू करतात.