सासऱ्यांची साखर

नॉर्बर्ट हॉगनने सासऱ्यांना एकच थाप मारली, आणि तीही फक्त दोन शब्दांची. सासरे, म्हणजे आल्टनबाबा, हिवाळ्यापुरते अमेरिकेतल्या बर्फाळ डुलूथला आपल्या लेकीकडे, मार्लिसकडे, राहायला आले. तळघरात त्यांची खाट आणि आरामखुर्ची मांडली. शेजारी रचलेल्या तपकिरी बाटल्या बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"रूट बिअर," नॉर्बर्ट म्हणाला.

रूट बिअर म्हणजे पोराटोरांचं गोड पेय, बिअर फक्त नावाला. बाटल्यांत मात्र इंडिया पेल एल नावाची कडू, जहाल बिअर होती. बाजारात 'वेडं अस्वल' नावाने मिळते तिची हुबेहूब नक्कल नॉर्बर्टने घरी केली होती. पण सासरे पडले चर्चचे जुने कारभारी, त्यांच्यापुढे दारूचं नाव काढायला छाती लागते. (नॉर्बर्ट कौंटीच्या ऑफिसात रस्त्यावरच्या बर्फाच्या तक्रारी घेतो. तिथे छातीचं काम पडत नाही.)

पुढच्याच्या पुढच्या रविवारी, जेवणं उरकल्यावर, खालून फाट्‌कन आवाज आला. नॉर्बर्ट अर्धा जिना उतरला आणि तिथेच त्याची पाचावर धारण बसली. एक बाटली फुटली होती. तिची काच लाकडी भिंतीत रुतली होती, बरोबर आल्टनबाबांच्या डोक्याच्या वर. बाबा कानातलं यंत्र काढून खुर्चीत घोरत होते.

त्याने बिअर क्लबातल्या ड्वेनला फोन लावला.

"साखर किती घातलीस? जास्त झाली की बाटलीत वायू कोंडतो," ड्वेनने विचारलं.

"कृतीत सांगितली होती तेवढीच."

"मग काही कळत नाही बुवा. पण एक फुटली म्हणजे बाकीच्याही फुटणार. थंडीत नेऊन ठेव, जोर निवेल. आणि तोंड झाकून जा."

नॉर्बर्टने गॅरेजमधला आइस हॉकीच्या गोलकीपरचा मुखवटा चढवला, पायांना जाड पॅड बांधले.

"हे काय सोंग?" मार्लिसने विचारलं. त्याने सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझे बाबा बॉम्बच्या कुशीत झोपलेत, आणि तू पट्टे बांधत बसलायस?"

जीव मुठीत धरून तो खाली उतरला. बाबांना काही झालं तर या घरात आपल्याला थारा नाही, आणि स्वतःच्या मनात तर त्याहून नाही, एवढंच त्याला कळत होतं. बाटल्या आणि खुर्चीच्या मध्ये तो गोल राखायला उभं राहावं तसा उभा राहिला. तेवढ्यात दुसरी फुटली. काचा पॅडवर आदळल्या, आणि त्याच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली. (ती मार्लिसने ऐकली. अजून तिची नक्कल करून दाखवते.)

बाबांनी डोळे उघडले. "आज मॅच आहे का रे?"

त्याने त्यांना बखोट धरून जिन्याने वर ढकललं. मग एकेक खोकं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून मागच्या अंगणातल्या बर्फात नेऊन पुरलं. मुखवटा तसाच ठेवून तो परत आत आला. बाबा यंत्र कानात घालून स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते.

"चमचा जरा जास्तच पडला वाटतं," ते म्हणाले.

"कसला चमचा?"

"साखरेचा. प्रत्येक बाटली उघडली, एकेक चमचा घातली, तुझ्या त्या यंत्राने झाकणं परत दाबून बसवली. दोन दुपारी गेल्या माझ्या."

"पण बाबा, का?" मार्लिस म्हणाली.

"आल्या दिवशीच चाखली. बिअर आहे हे मला कळू नये? मी काय जन्मल्यापासून चर्चमध्येच बसलोय? पण जावई रूट बिअर म्हणाला होता. म्हटलं, निदान गोड तरी करू या. आपल्या घरचा माणूस खोटा पडायला नको."

नॉर्बर्टने पायांवरच्या पॅडचे पट्टे सोडायला घेतले.

"आणि ते तोंडावरचं काढ आता," बाबा म्हणाले. "मला सगळं माहीत आहे, मग लपतोस कुणापासून?"