यादीबाहेरच्या पवारबाई

पवारबाई आमच्या शाळेत रुजू झाल्या, तेव्हा माझं नाव विचारण्याआधी त्यांनी मला गणित घातलं. "एक टाकी, दोन नळ. एक भरते, एक गळते. टाकी कवा भरन? सांगा पटकन, चुकलं तरी चालते!"

मी मराठीचा मास्तर. म्हटलं, "बाई, आपल्या इथं नळच आठ दिवसानं येते."

"उत्तर चूक! पण डोकं चाललं. शाबास!"

रिसोडहून सुटणाऱ्या एसटीत त्यांनी ड्रायव्हरला धरलं. "ताशी साठनं निघालो, तं वाशिमले कवा पोचू?" तो म्हणाला, "बाई, हे गाडी जन्मात साठनं गेली नाही. गणित बदला." बाई वाशिमपर्यंत हसत होत्या. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "मुठीत अक्षता किती असतीन? अंदाज सांगा!"

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची यादी निघाली. हेडमास्तरांनी नेहमीसारखी नऊ नावं काढली. सगळी गावातली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "सर, यात तांड्यावरचं कोनी नाही. बौद्धवाड्यातलंही नाही. काहून?"

"त्यायले झेपत नाही, बाई. उगाच शाळेचा निकाल पडते."

"झेपत नाही हे कोन्या पेपरात दिसलं? त्यायले तं कधी बसवलंच नाही!"

हेडमास्तरांनी चहाचा कप उचलला. तेवढ्यात बाईंनी वर्गातली एकतीसच्या एकतीस नावं लिहून काढली.

मग रोज सकाळी सातला तांड्यावरच्या हातपंपापाशी वर्ग. दांडा खाली गेला की एक पाढा. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायाच पोरांआधी उत्तरं ओरडायच्या.

"तुमी नका सांगू वं! फॉर्म पोरीचा भरला, तुमचा नाही!"

एक जण ठसक्यात म्हणाली, "मंग आमचाही भरा!"

निकाल लागला. गुणवत्ता यादीत आमची पाच मुलं. तीन तांड्यावरची, एक बौद्धवाड्यातली. हेडमास्तरांनी स्वतः पेढे आणले, ढोलवाला बोलावला. हार तयार, पण बाईच सापडेनात.

मी शोधत पाचवीच्या वर्गात गेलो. बाई शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसल्या होत्या. पुढ्यात यंदाची प्रश्नपत्रिका, शेजारी काढून ठेवलेलं घड्याळ. मान वर न करता म्हणाल्या, "थांबा. पाच मिनिटं राह्यले."

मी दारातच थांबलो. वेळ संपताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माह्या वक्ती मास्तरनं माह्यं नावच देल्लं नाही. म्हने, तांड्याची पोरगी, ऊसतोडीले जाईन." घड्याळ मनगटावर चढवत म्हणाल्या, "गेलतीच मी तोडीले. तो काही खोटं नव्हता बोलला. पण पेपर एकदा पाहू द्याले पायजे होता."

त्यांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "तपासता? दया नका करू."

मी शेजारी बसून तपासली. गणितात पैकीच्या पैकी. मराठीत दोन चुकली होती, तिथं लाल फुल्या मारल्या. त्या फुल्या बाईंनी बराच वेळ निरखून पाहिल्या. मग कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि उठल्या.

"चला सर. पोरं वाट पाहून राह्यले."