निळ्या शिक्क्याची घरपट्टी

नाहूरला दशरथ आणि लवू परब यांची घरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेली. गिरणीची नोकरी संपून घरी बसल्यावर दशरथने ठरवलं, आपण घरपट्टी मुदतीत भरायची. (इथेच घोळ झाला.)

बिलं वाटणारा शिपाई दशरथकडे चहा प्यायचा, एक बिल त्याच्या हातात द्यायचा आणि दुसरं लवूच्या दाराखालून सारायचा. दशरथ पैसे भरून पावती देवांच्या तसबिरीशेजारी अडकवी, वर उदबत्ती ओवाळी. गेल्या वर्षी तापामुळे चार दिवस उशीर झाला, तर आठवडाभर बिचाऱ्याला जेवण गोड लागेना.

"अहो, एकदा सूनबाईला तरी वाचायला द्या," बायको रुक्मिणी म्हणायची.

"पावती काय वाचायची असते? शिक्का बघायचा असतो! निळा, गोल, ठसठशीत!"

(आपल्याला वाचता येत नाही, हे बायकोला कळू नये म्हणून त्याची चाळीस वर्षं धडपड चालली होती. तिला ते हळदीच्या दिवशीच कळलं होतं.)

लवू खो खो हसायचा. "येडा आहेस, दशरथ! सरकारी कागद आला की मी न वाचता बंबात घालतो. सहा वर्षं झाली, कोण आलं विचारायला?"

सातव्या वर्षी आले. पण दशरथच्या दारात. एक कारकून, एक हमाल.

"सहा वर्षांची थकबाकी आहे, आजोबा. दंडासकट भरा, नाहीतर हे शिलाई मशीन जप्त."

त्या मशीनवर रुक्मिणी ब्लाउज शिवायची, तेव्हा घरात भाजी यायची. पण दशरथ मिशीत हसला. सहाही पावत्या काढल्या, त्यांवरची राख फुंकली. "वाचा. मोठ्यांदा वाचा, शेजारी ऐकू जाऊ दे."

कारकुनाने वाचलं. "लवू परब. घर नंबर अठरा. सगळ्या त्याच्याच."

"आणि आमचं घर?"

"सतरा. सतराची बिलं कुठे गेली?"

लवूच्या ओट्यावर बंब मजेत धूर सोडत होता.

हमालाने मशीनला हात घातला. रुक्मिणीने तांदळाच्या डब्यातून गणपतीला गावी जायला साठवलेले पैसे काढले आणि कारकुनाच्या हातावर ठेवले. हमालाने मशीन सोडलं. नवी पावती नवऱ्याला देत ती एवढंच म्हणाली, "शिक्का निळा आहे ना, बघून घ्या."

संध्याकाळी लवू आला. पैसे परत द्यायला आला असणार, म्हणून दशरथने चहा ठेवायला सांगितला. लवूने चहा संपवला आणि हात पुढे केला.

"माझ्या पावत्या दे."

दशरथने दिल्या. लवूने एकेक नीट पाहिली. शेवटच्या पावतीशी थबकला, कपाळाला आठ्या.

"हे काय रे? गेल्या वर्षी दंड लागला! सहा वर्षांचं माझं स्वच्छ नाव घालवलंस. यंदा तरी वेळेवर भर ना यार!"