घोरपडबाईंचा पहिला हंगाम

एका जंगलात, मुलांनो, सिंहच नव्हता. त्यामुळे तिथे सगळेच राज्य करत. ज्यांना राज्य करायला वेळ नसे, ते फुटबॉल खेळत.

आसपासच्या नऊ जंगलांची दरवर्षी स्पर्धा होई. आपल्या जंगलाचा संघ दरवर्षी नववा येई. मागच्या हंगामात त्यांनी एकसष्ट गोल खाल्ले आणि तीन केले. त्या तिनांतला एक वाऱ्याने केला होता.

दोष कोणाचा? अर्थात मॅनेजरचा.

त्या जंगलाची एक जुनी रीत होती. नवा मॅनेजर आला की त्याच्या हातून मैदानाच्या कडेला आंब्याची कोय पुरायची. हंगाम संपला की सगळ्यांनी तिथे जमायचं. झाडाला आंबा लागला असेल तर मॅनेजर कायम. नसेल तर हातात नारळ. अकरा वर्षांत अकरा मॅनेजर नारळ घेऊन गेले होते. कोयीपासून आंबा लागायला किती वर्षं जातात, हे जंगलात लहानथोरांना ठाऊक होतं. पण ते झाडाच्या बाबतीत. मॅनेजरच्या बाबतीत वेगळं!

बारावी आली घोरपड. बुटकी, मोजकं बोलणारी, आणि एकदा धरलं की न सोडणारी. सगळे तिला बाई म्हणू लागले.

पहिल्या दिवशी बाईंनी एकच गोष्ट सांगितली. "ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याने पळायचं."

गव्याने विचारलं, "आणि ज्याच्याकडे आहे, त्याने?"

"द्यायचा."

"कोणाला?"

"जो पळतोय त्याला."

गवा विचारात पडला. आजवर चेंडू मिळाला की तो डोळे मिटून सरळ धावत सुटे. गोल होत नसे, पण धुरळा भरपूर उडे आणि टाळ्या पडत.

गोलात बाईंनी टिटवीला उभं केलं. आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून जी पाय वर करून झोपते, तिला चेंडू काय जड?

संघ पहिले सहा सामने हरला. सातवा बरोबरीत सुटला. आठव्या सामन्यात गव्याने डोळे उघडे ठेवले आणि चेंडू सशाला दिला. गोल झाला. गवा इतका दचकला, की पंचांची माफी मागायला गेला.

उरलेल्या आठ सामन्यांपैकी पाच जिंकले, आणि हंगाम संपला तेव्हा संघ पाचवा होता. गोल खाल्ले होते फक्त एकोणीस.

मग रीतीप्रमाणे सगळे कोयीपाशी जमले. अध्यक्ष हत्तीआजोबा. बाजूला नारळ ठेवलेला. रोपाला चार पानं आली होती. आंबा नव्हता.

पहिले बोलायला उठले कोल्होबा. ते दर सामन्यानंतर सामन्याची चर्चा करत. स्वतः कधी खेळले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मताला कधीच दुखापत होत नसे.

"पाचवा नंबर म्हणजे काय हो?" कोल्होबा म्हणाले. "ना धड वर, ना धड खाली. नवव्याला निदान एक ओळख असते. पाचवा कोण, हे कोणी विचारतं का?"

"नाही विचारत!" सगळे ओरडले.

गव्याची आई उठली. "माझं लेकरू घरात कधी कोणाला घास देत नाही. आणि ह्या बाई त्याला चेंडू दुसऱ्याला द्यायला लावतात! वजन उतरलंय त्याचं."

"आई, बस ना गं," गवा म्हणाला.

टिटवी पुढे झाली. "आजोबा, मागच्या वर्षी मी राखीव खेळाडू होते. मैदानाबाहेर ओंडक्यावर बसून एकसष्ट गोल मोजले. यंदा एकोणीस. मला अजून शिकायचंय. बाईंना राहू द्या."

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" आजोबांनी विचारलं.

"अजून एक हंगाम द्या," बाई म्हणाल्या. "यंदा चेंडू द्यायला शिकलेत. पुढच्या वर्षी तो कधी द्यायचा ते शिकतील."

हत्तीआजोबा मनाने फार चांगले होते. मुलांनो, अशांपासून सावध असावं. ते म्हणाले, "आपण अन्याय करायचा नाही. वर फळ नसेल, पण खाली मुळं तर असतील? बघू या किती खोल गेलीत. निर्णय कसा अभ्यासपूर्वक हवा!"

"वा, आजोबा, वा!"

"बघायचं कसं?" टिटवीने घाबरून विचारलं.

आजोबांनी तोवर सोंडेने रोप अलगद उपटलंही होतं. एकही तंतू तुटू दिला नाही. रोप वीतभर, मूळ त्याच्या तिप्पट. सगळ्यांनी ते हातोहाती फिरवलं. कोल्होबांनी वास घेतला. गव्याच्या आईलाही मान्य करावं लागलं, की मूळ चांगलं आहे.

"एकमताने ठराव!" आजोबा म्हणाले. "पाया भक्कम आहे. पुढच्या हंगामाबद्दल आपल्याला पूर्ण विश्वास आहे. बाई कायम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रोप परत खड्ड्यात खोचलं. वरून ऊन रणरणत होतं.

नवव्या दिवशी रोप वाळलं.

पुन्हा सभा भरली. कोल्होबा हळहळत म्हणाले, "आपण विश्वास टाकला आणि बाईंनी तो असा वाळवला."

"अहो, उपटलं तुम्ही!" टिटवी किंचाळली.

"आम्ही फक्त मुळं पाहिली," आजोबा दुखावून म्हणाले. "वाळायला आम्ही सांगितलं नव्हतं."

बाईंनी नारळ घेतला. जाताना टिटवीपाशी थांबल्या. "डाव्या बाजूला उशिरा झेपावतेस. लक्ष ठेव," म्हणाल्या, आणि निघाल्या. नदीपलीकडच्या जंगलाने त्यांना त्याच संध्याकाळी ठेवून घेतलं. तिथे कोय पुरत नाहीत. आंबे खातात, आणि कोय कुठे पडली ते विसरून जातात.

इकडे तेरावे मॅनेजर झाले खुद्द कोल्होबा. ते येताना कुंडीच घेऊन आले. कुंडीत हातभर रोप, आणि रोपाला सुतळीने बांधलेला भला मोठा पिवळाधमक आंबा.

"सुतळी दिसतेय की," ससा म्हणाला.

"आंबाही दिसतोय की," गव्याची आई म्हणाली.

रीत म्हणजे रीत. एकही सामना न खेळता कोल्होबा कायम झाले. त्या हंगामात टिटवीने डाव्या बाजूचे सगळे गोल अडवले. उजव्या बाजूने आणि मधून मिळून चोपन्न झाले, कारण पुढे चेंडू पुन्हा एकटा गवाच पळवत होता, डोळे मिटून. पण मॅनेजर बदलायचा प्रश्नच नव्हता. आंबा सडला की कोल्होबा नवा बांधत. सभेत तो कापून सगळ्यांना एकेक फोड मिळे. जंगलात इतकी गोड सभा याआधी झाली नव्हती.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी काही लावायची वेळ आली, तर माती, पाणी, मुळं असल्या गोष्टींत वेळ घालवू नका. मुळं वाईट असली तर लोक नावं ठेवतात, आणि चांगली असली तर कौतुकाने उपटून बघतात. सुतळी मात्र मजबूत घ्या.